रिपोर्टमध्ये दोन आजार निघाले, मग खरा कोणता? गावच्या कुत्र्यांतल्या मिश्र संसर्गाबद्दल

प्रश्न आर्वीकडच्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: वावरात जागलीला सोबत राहणारा चार वर्षांचा गावठी कुत्रा, वजन अंदाजे १८ किलो. ताप, खाणं बंद, एकदा नाकातून रक्त. गावात ढोरांना सुया देणाऱ्याकडून दोन इंजेक्शनं झाली, चार दिवस बरा वाटला, मग पुन्हा पडला. नागपूरला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ५.२, प्लेटलेट ३८ हजार, किटवर एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जिवाणू) पॉझिटिव्ह आणि रक्ताच्या काचपट्टीवर बबेसिया (गोचिडीतूनच येणारा, तांबड्या पेशीतला परजीवी). पुढे त्यांच्याच शब्दांत: "एकाच कुत्र्याले दोन-दोन बिमाऱ्या कशा? लॅबवाल्याची चूक तर नाही? आधी कायचा इलाज करू? घरात लहान पोरं हायेत, कोठ्यात गाई हायेत, अन् दुसरी कुत्री पिल्लं घेऊन बसली हाय."

लॅबची चूक नाही. उलट काचपट्टी मन लावून बघणारा माणूस तुम्हाला भेटला. वर्षभर गोचीड अंगावर वागवणाऱ्या, मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यात एक आजार सापडला की मी तिथे थांबत नाही. सोबत दुसरा कोणता बसलाय ते शोधतो. विदर्भातल्या गावच्या कुत्र्यात एकटा आजार हा अपवाद समजायचा, असं माझं मत आहे.

कारण साधं आहे. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते: अळी असताना, कोवळी असताना आणि पूर्ण वाढल्यावर. प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा कुटाराच्या ढिगाखाली कात टाकते आणि पुन्हा मिळेल त्या कुत्र्यावर चढते. एका कुत्र्याकडून घेतलेलं एर्लिकिया ती पुढच्या अवस्थेत दुसऱ्याला देते. एर्लिकिया तिच्या अंड्यांत जात नाही, पण मोठ्या जातीचा बबेसिया (मोठी-लहान जात बबेसियाची, कुत्र्याची नव्हे) अंड्यांतूनही पुढच्या पिढीत उतरतो. हिपॅटोझून नावाचा तिसरा जीव तर चावण्यातून येतच नाही. कुत्रा अंग चावताना गोचीड गिळतो आणि तो पोटातून रक्तात जातो. म्हणजे चावली तरी आजार, खाल्ली तरी आजार. त्यात लहान जातीचा बबेसिया कुत्र्यांच्या झुंजीत चाव्यांतूनही पसरतो आणि आईकडून पोटातल्या पिल्लांनाही जातो. हा लहान बबेसिया पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्याच देशात, १९१० साली मद्रासकडच्या शिकारी कुत्र्यांत. हिपॅटोझूनची पहिली नोंदही भारतातलीच, १९०५ ची. हे पाहुणे बाहेरून आलेले नाहीत.

आता दोन्ही एकत्र आले की शरीरात काय होतं ते बघा, कारण उपचाराचा सगळा क्रम त्यावर ठरतो.

बबेसिया तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. शरीराची संरक्षण यंत्रणाही बिथरते आणि चांगल्या पेशींनाही शत्रू समजून मारायला लागते. नुसता बबेसिया असेल तर हाडातला मगज चार-पाच दिवसांत नव्या पेशी धडाधड बाहेर टाकतो. हिमोग्लोबिन ५ असलेला कुत्राही त्यामुळे उभा राहतो. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत राहतो, प्लेटलेट खाली आणतो, उरलेल्या प्लेटलेटनाही धड काम करू देत नाही आणि जुना झाला की मगजच बंद पाडतो. वरून दोन मोटारी चालू आणि विहिरीचा झरा आटलेला, अशी गत होते. म्हणून दोन्ही असलेल्या कुत्र्याचं रक्त फक्त एकच आजार असलेल्यापेक्षा जास्त खोल जातं आणि हळू भरतं.

एर्लिकियाचं आणखी एक लक्षात घ्या. पहिला जोराचा टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. ताप, गाठी सुजलेल्या, डोळ्यांत पू. बरेच कुत्रे त्यातून औषधाविनाही वर येतात. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. खातो, भुंकतो, डुकरामागे धावतो. प्लेटलेट मोजल्या तरच थोड्या कमी निघतात. अशा कुत्र्यावर काही नवीन ओझं पडलं, बबेसिया आला, कुत्री व्याली, कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, वैशाखात ४५-४६ अंशांत दिवसभर पत्र्याखाली बांधून ठेवला, की दबलेलं वर येतं. तुमच्या कुत्र्याला एर्लिकिया बहुधा जुना आहे आणि बबेसिया नवा, असं मला कागदावरून वाटतं. नाकातून रक्त येणं, प्लेटलेट इतक्या खाली आणि आधी कधी आजारी नसणं, हे तिकडेच बोट दाखवतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराचे शेकडो कुत्रे असेच नाकातून रक्त वाहून गेले, तेव्हा जगाचं या आजाराकडे नीट लक्ष गेलं.

जाता जाता एक. कुत्रीची नसबंदी करायची असेल तर आधी निदान रक्ताची एक काचपट्टी बघून घ्या. दिसायला ठणठणीत कुत्री टेबलावर रक्त थांबेना म्हणून जाते, आणि दोष ऑपरेशनला लागतो.

तर चार दिवस बरं का वाटलं? त्या सुयांत काय होतं ते तुमच्याकडे लिहिलेलं नाही, पण गावात ढोरांसाठी फिरणाऱ्याच्या पिशवीत साधारण काय असतं ते माहीत आहे. एक लांब पल्ल्याचं ऑक्सिटेट्रासायक्लिन, एक तापाचं किंवा स्टिरॉइडचं, आणि कधी बबेसियावरचं डिमिनाझिन. पहिल्याने एर्लिकिया थोडा दबतो, दुसऱ्याने ताप उतरून भूक लागते, तिसऱ्याने मोठ्या जातीचा बबेसिया मरतो पण लहान जातीचा पूर्ण जात नाही. कुत्रा भाकर खायला लागतो, सगळे खूश होतात. चार दिवसांनी औषधाचा जोर ओसरला की दोन्ही आजार जागच्या जागी. डिमिनाझिनबद्दल तर कान उघडे ठेवून ऐका: कुत्र्यात त्याच्या योग्य आणि घातक मात्रेतलं अंतर कमी आहे. गाईच्या बाटलीतून अंदाजाने ओढलेली सुई मेंदूवर जाते. कुत्रा झोकांड्या खातो, डोळे फिरवतो. वजन करून, मोजूनच द्यायचं औषध आहे ते.

आता इलाजाचा क्रम. तुम्ही विचारलं आधी कोणता आजार धरायचा. आधी आजार धरायचा नाही, कुत्रा धरायचा. ओठ उचलून हिरडी बघा. बोटाने दाबा, पांढरी पडेल, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी कागदासारखी पांढरी असेल, श्वास वरवर चालत असेल, उभं राहिलं की पाय लटपटत असतील तर गोळी-सुईच्या आधी रक्त लागतं. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना सहसा गट जुळवण्याची मोठी अडचण येत नाही, म्हणून गावाकडेही ते होऊ शकतं. अडचण दात्याची. २५ किलोच्या वरचा, तरुण, तगडा कुत्रा हवा, आणि त्याचंही रक्त आधी तपासलेलं हवं. शेजारच्या वावरातला धिप्पाड कुत्रा घाईत आणला आणि त्याच्यातच बबेसिया असला तर आपण पिशवी भरून आजार चढवतो. हिमोग्लोबिन ५.२ हा काठावरचा आकडा आहे. कुत्रा उठून पाणी पीत असेल तर एक-दोन दिवस जवळून बघत औषधावर ठेवता येतं. आडवा पडला असेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा जिथे रक्त चढवण्याची सोय असेल तिथे आजच न्या. बसमध्ये नको, गाडी करा, आणि उन्हं उतरल्यावर.

एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन पहिल्याच दिवशी सुरू. मात्रा किलोला १० मिलिग्रॅम, रोज, २८ दिवस. तुमच्या कुत्र्याला १०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ, डॉक्टरांनी बहुधा हेच लिहिलं असेल. बबेसियाचं औषध जातीवर ठरतं. मोठ्या जातीला इमिडोकार्बचे दोन डोस, १४ दिवसांच्या अंतराने. याने लाळ गळते, उलटी होते, म्हणून आधी अ‍ॅट्रोपिन देतात. लहान जातीला ते पुरत नाही. तिथे अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दहा दिवस हा जगभरचा मार्ग. आपल्याकडे अ‍ॅटोव्हाक्वोन महाग पडतं आणि पटकन मिळत नाही, म्हणून क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन असं तिहेरी देतात. त्याला वेळ लागतो आणि थोडे परजीवी मागे राहू शकतात, पण कुत्रा उभा राहतो. तुमच्या रिपोर्टवर नुसतं बबेसिया लिहिलंय, जात लिहिलेली नाही. लॅबला फोन करून विचारा: तांबड्या पेशीत बारीक अंगठीसारखे दिसले की नासपतीच्या आकाराचे जोडीने? एवढ्या एका उत्तरावर पुढचा महिना ठरणार आहे.

२८ दिवस म्हणजे २८ दिवस. गावात आठव्या-नवव्या दिवशी कुत्रा ताटलीवर उडी मारायला लागला की गोळ्या बंद होतात, उरलेली पट्टी कोनाड्यात जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा, आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. गोळी कोरडी घशात ढकलू नका, अन्ननलिकेत चिकटली तर जखम करते. पाण्यात भिजवलेल्या भाकरीच्या गोळ्यात द्या, मागून सिरिंजने थोडं पाणी पाजा. दुधात देऊ नका, कॅल्शियममुळे औषध कमी लागू पडतं. आणि रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक डॉक्सिसोबत पाजणं तर फारच सर्रास चालतं. लोह गोळीला पोटातच बांधून टाकतं, दोन्ही वाया. टॉनिक द्यायचंच तर मधे दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पपईच्या पानांचा रस कुणी ना कुणी सांगेलच. त्याने उलटी होऊन गोळी बाहेर आली तर नुकसान तुमचं.

घरातली तापाची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यांतलं काहीच नाही. एरवीही ही औषधं कुत्र्याला झेपत नाहीत. प्लेटलेट ३८ हजार असताना तर आतड्यात रक्तस्राव व्हायला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची एक गोळी पुरू शकते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट: दुसरा आजार लपलेला आहे हे औषध सुरू केल्यावर कळतं. नुसता एर्लिकिया असेल तर डॉक्सिने एक-दोन दिवसांत ताप उतरतो, आठवड्याभरात प्लेटलेट वर सरकतात. तिसऱ्या दिवशीही ताप १०३ च्या वर असेल तर डोस वाढवत बसू नका, पुन्हा पट्टी काढा. प्लेटलेट वाढल्या पण रक्त वाढत नसेल तर बबेसिया उरलाय, पोटात आकडेजंत आहेत किंवा मगज बसलाय. रक्त वाढलं पण कुत्रा मागच्या पायांनी अकडून चालतो, हात लावला की कळवळतो, बारीक ताप येत-जात राहतो, तर हिपॅटोझून शोधा. डोळा निळा-पांढरा झाला तर एर्लिकिया असू शकतो, पण गुरांच्या संगतीत राहणाऱ्या कुत्र्यात सर्राही (रक्तातल्या वळवळत्या परजीवीचा आजार) असू शकतो; तो डांसांच्या, म्हणजे गुरांना चावणाऱ्या मोठ्या माशांच्या, चावण्यातून आणि मेलेल्या ढोराचं मांस खाण्यातूनही येतो. पोळ्याच्या आसपास डांस फार असतात, तेव्हा अशा डोळ्याचा कुत्रा आला की मी ताज्या रक्ताचा थेंब तसाच भिंगाखाली धरतो. सर्राचे जीव पेशींना ढुशा मारत वळवळताना दिसतात, रंग द्यायची गरज पडत नाही.

काचपट्टीबद्दल थोडं, कारण लोकांना किट म्हणजे शेवटचा शब्द वाटतो. किट बहुतेक वेळा शरीराने बनवलेली प्रतिपिंडं दाखवतं. दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाचीही रेघ उमटते. म्हणून किटवर दोन रेघा आल्या म्हणजे दोन आजार आत्ता चालू आहेतच असं नाही. उलट अगदी पहिल्या आठवड्यात किट कोरं येऊ शकतं. पट्टी आत्ताचं सांगते, पण बघणाऱ्याची नजर हवी. मी बबेसियासाठी कानाच्या पाळीच्या कडेला सुई टोचून आलेला पहिला थेंब घेतो. बारीक केशवाहिन्यांत लागण झालेल्या पेशी जास्त अडकतात. एर्लिकियाचे गुच्छ पांढऱ्या पेशीत क्वचितच सापडतात, तासभर शोधूनही नाही सापडले तरी तो नाही असं म्हणता येत नाही. पण त्याच पट्टीवर प्लेटलेट मोजता येतात: तेलाच्या भिंगाखाली एका दृश्यात एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५ ते २० हजार. तुमचा ३८ हजार खरा असेल तर एका दृश्यात दोनच्या आसपास दिसायला हव्यात. मशीनचा आकडा फसवतो तो इथे. रक्त घेताना सुई दोनदा-तीनदा फिरली, नळी नीट हलवली नाही की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. जांभळ्या बुचाची नळी भरल्यावर हळू सात-आठ वेळा उलटी-सुलटी करायची, बर्फाच्या थर्मासमध्ये पण बर्फाला न लावता ठेवायची, आणि काचपट्टी जागेवरच ओढून वाळवायची. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत चार तास फिरलेल्या नळीचा रिपोर्ट मी वाचतही नाही. पैसे असतील आणि गुंता सुटत नसेल तर पीसीआर करा, जातीसकट उत्तर मिळतं.

मूत्रपिंड विसरू नका. दोन्ही आजारांत लघवीतून प्रथिनं गळतात. लघवीची साधी पट्टी आणि क्रिएटिनिन एकदा बघून ठेवलं की इमिडोकार्ब द्यायचं की नाही, किती जपून, हे ठरवता येतं. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातून असा कुत्रा आला, पावसाळ्यात, डोळे पिवळे घेऊन, तर मी लेप्टोस्पायराही धरून चालतो. तिथल्या बांधीतल्या पाण्यात उंदरांची लघवी असतेच.

कुत्री आणि पिल्लं. इथे मला कुत्र्यापेक्षा जास्त काळजी वाटते. आई त्याच कोठ्यात, त्याच गोचिडींत राहते, म्हणजे तिच्यातही निदान एक आजार असणार. पिल्लांना बबेसिया पोटातूनच मिळू शकतो, आकडेजंत दुधातून मिळतात. तीन आठवड्यांचं पिल्लू, अंगावर वीस गोचिडी, पोटात आकडेजंत, रक्तात बबेसिया: यातलं प्रत्येक रक्तच पितं. अशा पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या की नुसतं जंताचं औषध देऊन घरी पाठवणं बरोबर नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवडे होईपर्यंत, आणि आईला त्यांच्याबरोबरच.

पुढे पार्व्हो आणि डिस्टेंपर, हे दोन विषाणूंचे आजार. पार्व्हो आतड्याची अस्तरं आणि मगज दोन्हींवर घाव घालतो. पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की पोटातले साधे जंतूही रक्तात घुसून मारतात. ज्या पिल्लात आधीच आकडेजंत आहेत त्याची रक्ताची हगवण थांबवणं फार अवघड जातं. डिस्टेंपर तर प्रतिकारशक्तीच आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतो, मग दबलेले सगळे उठतात. या बाबतीत टांझानियातल्या सेरेंगेटीचं उदाहरण प्रत्येक वनपट्ट्यातल्या कुत्रेवाल्याला माहीत असावं. १९९४ मध्ये तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने मेले. नंतर तपासात निघालं की डिस्टेंपर त्याआधीही त्या सिंहांत येऊन गेला होता, तेव्हा असे मेले नव्हते. या खेपेला दुष्काळ होता, उपाशी रानम्हशींवर गोचिडी लदलदल्या होत्या, त्या म्हशी खाऊन सिंहांच्या रक्तात बबेसिया भरला होता, आणि त्यावर डिस्टेंपर आला. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह गेले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. ताडोबा, पेंच, मेळघाट, टिपेश्वरच्या कडेला ज्यांची वावरं आहेत त्यांच्या कुत्र्याची लस त्यामुळे फक्त कुत्र्यापुरती राहत नाही. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवडे झाल्यावर. रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास. मात्र ताप असलेल्या किंवा रक्त कमी असलेल्या पिल्लाला लस टोचू नका. आधी उभं करा.

एक ताकीद. लाळ गळणारा, जबडा लोंबणारा, तोल जाणारा कुत्रा दिसला की "घशात हड्डी अटकली असन" म्हणून तोंडात हात घालायचा नाही. डिस्टेंपर, सर्रा, एर्लिकियाचा मेंदूज्वर आणि रेबीज बाहेरून एकसारखे दिसू शकतात. चावा किंवा लाळ जखमेवर लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याला गोचीडताप निघालाय म्हणून रेबीज नसेल, असा हिशेब चालत नाही. एकाच कुत्र्यात दोन्ही असू शकतात, हेच तर आपण बोलतोय.

पोरं आणि गाई. कुत्र्याचा बबेसिया गाईला होत नाही. गाईचा वेगळा, गाईवरच्या बहुतेक गोचिडीही वेगळ्या. एर्लिकिया कुत्र्याला हात लावल्याने पोरांना होत नाही. पोरांना धोका आहे तो आकडेजंताच्या अळ्यांचा, ज्या अनवाणी पायांतून कातडीत शिरतात, आणि लेप्टोचा. २०१८ मध्ये नागपूर-विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा कितीतरी लोकांनी गोचीड समजून कुत्री हाकलली. तो गवतातल्या बारीक चिगर माइटच्या अळ्यांमुळे होतो, कुत्र्याच्या गोचिडीने नाही. पोरांना कुत्र्यावरच्या गोचिडी वेचायला मात्र लावू नका, आणि कुणीही नखावर चिरडू नका. साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका.

खरं काम पुढेच आहे. कुत्र्यावर दिसतात त्या गोचिडी थोड्या, बाकीचा कारखाना कोठ्याच्या भिंतीत. रक्त पिऊन टरारलेली मादी वर चढते, पत्र्याखालच्या लाकडात, मातीच्या भेगेत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते. उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगते. आपल्या उष्ण हवेत वर्षात कितीतरी पिढ्या होतात. म्हणून कुत्र्याला औषध आणि भिंतीला औषध एकाच आठवड्यात, नाहीतर बरा झालेला कुत्रा महिन्यात परत आजारी. बरं होणं म्हणजे पुन्हा न होणं नव्हे. एर्लिकियाची प्रतिकारशक्ती टिकत नाही.

कुत्र्याला महिन्याची अफॉक्सोलानरची किंवा तीन महिन्यांची फ्लुरालानरची गोळी सगळ्यात सोपी. महाग वाटते, पण एका रक्ताच्या पिशवीपेक्षा स्वस्त. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती देण्याआधी विचारा. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना ती चालत नाही, त्यांना फिप्रोनिलचा फवारा. भिंतीसाठी गुरांचं डेल्टामेथ्रीन किंवा अमित्राझ लेबलवरच्या प्रमाणात, गुरं-कुत्री बाहेर काढून, भेगांमध्ये आत जाईल असं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारणीनंतर भेगा चुन्या-मातीने लिंपून घ्या. कुटाराचा ढीग कुत्र्याच्या बसण्याच्या जागेपासून हलवा. पऱ्हाटीवरचं औषध कुत्र्यावर ओतू नका. हे वेगळं सांगावं लागतं, कारण मोनोक्रोटोफॉसने धुतलेली कुत्री अजूनही येतात, लाळ गाळत, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या. यवतमाळात २०१७ च्या फवारणीत माणसं गेली, त्या जातीची औषधं चाटणाऱ्या जनावराच्या अंगावर घालायची नसतात.

तुमच्या कुत्र्याचं पुढे काय? मगज जिवंत असेल तर शक्यता चांगली. ते कळायला आठवड्याने पूर्ण रक्त पुन्हा करा आणि नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी आहेत का ते मुद्दाम लिहून मागा. त्या दिसल्या, प्लेटलेट लाखाकडे सरकल्या तर निर्धास्तपणे २८ दिवस पुरे करा. तिन्ही प्रकारच्या पेशी दहा-बारा दिवसांनीही खालीच असतील तर मगज बसलाय, आणि तिथे औषधं वाढवत जाऊन खर्चात पडण्याआधी डॉक्टरांशी मोकळं बोला; तशा टप्प्यातले फार थोडे वाचतात. गोळ्या संपल्यावर एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, अशा दोन तपासण्या धरा. किट पुन्हा करू नका, रेघ येणारच. तोवर जागलीला नेऊ नका. प्लेटलेट कमी असताना रानडुकराची एक धडक आतल्या रक्तस्रावाला पुरेशी आहे.

कुत्रीचं रक्त पिल्लं सुटायची वाट न बघता याच खेपेला पाठवा, आणि ती पाजते आहे हे चिठ्ठीवर लिहा, त्यावर औषध निवडावं लागतं. दोन्ही नळ्यांवर आणि दोन्ही काचपट्ट्यांवर कुत्र्याचं नाव घाला. नुसता मालकाचा नंबर टाकला की कुणाचं रक्त कुणाचं, हा घोळ लॅबमध्ये सुटत नाही.